रोह्याच्या मावशीआजीचे रिपोर्ट

परवा सकाळी फोनवर तुझ्या रक्ताच्या रिपोर्टचा फोटो आला. टीएसएचच्या आकड्यापुढे एक काळा बाण वर तोंड करून उभा होता आणि खाली तू लिहिलं होतंस, "आजी, पास की नापास? डॉक्टर गोळी सुरू कर म्हणतात. पण तिने माणूस फुगतो असं सगळ्या मैत्रिणी सांगतात. मी अजून सुरू केली नाही."

'पास की नापास' हे तू तुझ्या आईकडून उचललंस. आपल्या घरात रिपोर्ट आला की असंच विचारतात, आणि तुम्हा दोघा भावंडांना वाटतं, आजी शाळेत शिकवायची म्हणून ही गंमत. गंमत होतीच. ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही. आता सांगते, कारण तुझी गोळी पाकिटात तशीच पडून आहे. तुझ्या दादालाही हे वाचायला दे.

फोनवर दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. तसं मी एकदा दिलं होतं, एका शब्दात. म्हणून या वेळी सगळं क्रमाने लिहिते.

माझी धाकटी बहीण, म्हणजे तुमची रोह्याची मावशीआजी, तुम्ही फक्त फोटोत पाहिली आहे. दिवाणखान्यातल्या फोटोत माझ्या डाव्या हाताला जी हसते आहे ती. आम्ही दोघी पेणच्या. घरची भाताची जमीन होती, पण ती कुळांकडे असायची आणि घरातली मुलं मास्तर व्हायची. वडिलांनी मला मुंबईला वसतिगृहात ठेवून इंग्रजी घेऊन बी. ए. करू दिलं. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान, गोरी, गुबगुबीत आणि कशालाही हसणारी. मी दहा वर्षांची असताना तिचं नाव 'कणगी' ठेवलं. तुम्ही कणगी पाहिलेली नाही. बांबूची भलीमोठी टोपली, बाहेरून शेणाने लिंपलेली, भात साठवून ठेवायची. आमच्या माजघराच्या कोपऱ्यात एक होती आणि ती तिथून कधी हलत नसे. नाव आळीभर पसरलं. ती स्वतःही हसायची, म्हणून मला वाटे तिला ते आवडतं.

मॅट्रिकला ती इंग्रजीत दोनदा नापास झाली. सुट्टीत मी घरी आले की तिची तयारी घ्यायचे. मी पेपर काढायचे, ती सोडवायची, मी लाल पेन्सिलीने तपासायचे. अठ्ठावीस, एकतीस, पुन्हा अठ्ठावीस.

"ताई, एकदा तरी पास लिही ना गं. खोटं का होईना."

"खोटं लिहून तुझा काय फायदा?"

"फायदा कशाला हवा? बघायला बरं वाटेल."

मी लिहिलं नाही. आयुष्यात मी कुणाला खोटे गुण दिले नाहीत, याचा मला अभिमान होता.

पुढे तिचं लग्न रोह्याला झालं. तिचे यजमान रोह्याशेजारी धाटावला केमिकल कंपनीत होते, शिफ्टची नोकरी. तिला एक मुलगा झाला. काही वर्षांत तिच्या बोलण्यात रोहा उतरला, 'नाही'चं 'नाय' झालं. मी टोकलं की म्हणायची, "मी काय आता परीक्षेला बसलेय काय गो?" मी पेणलाच राहिले, शाळेत इंग्रजी शिकवत राहिले. दोन्ही घरच्या नातेवाइकांचे छापील इंग्रजी कागद माझ्याकडे यायचे. विम्याचे, बँकेचे, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली बारीक अक्षरांची चिठोरी, दवाखान्याचे कागद. मी वाचून समजावून सांगायचे. प्रत्येक घराची वेगळी फाइल, तिच्यावर चिठ्ठी, आत तारखेप्रमाणे कागद. कुणाचा कागद माझ्याकडून हरवला असं एकदाही झालं नाही.

तुझी आई कॉलेजात होती त्या वर्षीची गोष्ट. दर वर्षी गणपतीच्या आधी बहीण आणि तिचे यजमान मूर्ती न्यायला पेणला येत. त्या वर्षी ती दारात उभी राहिली आणि क्षणभर मी तिला ओळखलं नाही. गाल आत गेले होते, गळ्याचं हाड दिसत होतं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आल्या आल्या तिने हात पुढे केला.

"बघ ताई. पावणेतीनची बांगडी लागायची मला. आता सव्वादोनची भरलीय, तीपण सैल. कासारीण म्हणते, 'वयनी, काय खाता काय? आम्हालापण सांगा ना.'"

"आणि काय खातेस?"

"सगळंच! भूक सरतच नाय. तरी वजन उतरतंय. देवानं ऐकलं गो माझं, उशिरा का होईना."

जेवायला चार भाकऱ्या खाल्ल्या. भर पंख्याखाली पदराने घाम पुसत होती. मूर्ती घ्यायला कारखान्यात गेलो, तेव्हा तिने पाटाला हात लावला आणि मूर्तीसकट पाट थरथरू लागला. यजमानांनी पटकन तो आपल्या हातात घेतला. घरी येऊन मी घड्याळ समोर ठेवलं आणि तिची नाडी मोजली. एकशे तीस. "पाळी जायचं वय आहे, होतं असं," ती म्हणाली. मी तिला दटावून रोह्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तेव्हा ही तपासणी रोह्यात होत नसे. रक्त मुंबईला जायचं आणि चार दिवसांनी कागद यायचा. त्या रविवारी ती कागद घेऊन एसटीने माझ्याकडे आली. मी चष्मा लावून वाचायला बसले.

"ताई, मॅट्रिकला पस्तीस हवे होते. इथं किती हवेत?"

"इथे साधारण अर्ध्यापासून चारपर्यंत."

"आणि मला किती पडले?"

"शून्य पूर्णांक शून्य एक. त्याच्याहून कमीच."

"अगो बाई! म्हणजे इंग्रजीपेक्षा बेकार!"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले, लाल पेन उचललं आणि कागदाच्या कोपऱ्यात 'नापास' लिहिलं. गंमत सुरू झाली ती इथे.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली. 'टीएसएच कमी म्हणजे तुझा थायरॉइड कमी पडतोय,' असं तिला ठामपणे सांगून टाकलं. पण त्याच कागदावर टी-थ्री आणि टी-फोर मर्यादेच्या कितीतरी वर होते, आणि ते जुळेना. दुसऱ्या दिवशी मी पेणच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांची मुलं माझ्या वर्गात होती. ते म्हणाले, "बाई, टीएसएच ही थायरॉइडची वस्तूच नाही. ती मेंदूच्या खालच्या छोट्या ग्रंथीतून येते. ती ग्रंथी म्हणजे तुमच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका समजा. वर्ग सुस्त पडला की त्या ओरडतात, टीएसएच वाढतो. वर्ग आधीच दंगा करत असला तर ओरडण्याची गरज राहत नाही, त्या गप्प बसतात, टीएसएच शून्याला टेकतो. तुमच्या बहिणीचा वर्ग दंगा करतोय."

तुझं तिच्या उलट आहे. तुझ्या मुख्याध्यापिका ओरडत आहेत, कारण वर्ग पेंगतो आहे. तुझ्या रिपोर्टवरचा बाण एवढंच सांगतो. पुढचं तुझ्या डॉक्टरांचं काम.

मी लगेच रोह्याला फोन करून चूक दुरुस्त केली. तिथल्या डॉक्टरांनी दंगा शांत करायची गोळी दिली होती. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं, आणि गोळी किमान दीड-दोन वर्षं, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, असं तिला आणि यजमानांना बजावलं होतं. हे मलाही माहीत होतं. 'मला माहीत नव्हतं' असं मी पुढे स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नाही.

त्यानंतर रिपोर्ट पाकिटातून येऊ लागले. तिचे यजमान कामाने पेणला आले की पाकीट माझ्या हातात देत, चहा घेत, आणि मी शेरा मारलेला कागद घेऊन परतीची एसटी पकडत. दर वेळी मी लाल शाईने लिहायचे. 'नापास, पण प्रगती आहे.' मग 'टी-फोर पास, टीएसएच नापास.' टीएसएच मागाहून सावकाश सुधारतो, हे मी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. एका फुलस्केप कागदावर मी तक्ता आखला होता. तारीख, तिन्ही आकडे, मर्यादा, गोळीचं प्रमाण. फार सुबक होता तो तक्ता. त्यात वजनाचा रकाना नव्हता.

वजन परत येत होतं. आजाराने जे जाळून नेलं होतं ते शरीर परत गोळा करत होतं, वर थोडं अधिकही. ती आजारी पडली तेव्हा कुणीही तिला 'बरी आहेस ना?' असं विचारलं नव्हतं. सगळ्यांनी 'छान बारीक झालीस' म्हटलं होतं. आता तब्येत सुधारत होती आणि शेजारणी म्हणत होत्या, "काय गो, परत सुटलीस?" ती फोनवर मला सांगायची.

"ताई, फुगले गो परत."

"फुगत नाहीस, बरी होतेयस."

"ब्लाउज दंडात जात नाय."

"उसवून घे."

मुलाचं लग्न ठरलं होतं. ती वरमाय होणार होती. बारीक असताना तिने पुण्याहून जांभळी पैठणी मागवली होती आणि अंगाबरोबर ब्लाउज शिवून घेतला होता. तिच्या स्वतःच्या लग्नात, हार घालताना कुणीतरी मागून "नवरीला दोन पाट द्या रे" म्हणालं होतं. मंडपभर हशा पिकला होता. मीही हसले होते. ते तिच्या लक्षात असेल हे मला सुचलंही नाही. मी फक्त 'उसवून घे' म्हणाले आणि फोन ठेवला.

थंडीचे दिवस होते. दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे माझ्या टेबलावर होते. यजमान पाकीट घेऊन आले, पण त्यांना दुपारच्या शिफ्टला पोचायचं होतं म्हणून ओटीवरच उभे राहिले. मी कागद काढला, उत्तरपत्रिकांवरच ठेवला आणि पाहिला. तिन्ही आकडे मर्यादेच्या आत! एकाही आकड्यापुढे फुली नव्हती. मला मनापासून आनंद झाला. वर्षानुवर्षं एका मुलीला शिकवावं आणि शेवटी ती सुटावी, तसा. लाल पेन हातात होतंच. मी कागदाच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'पास' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आकडे तक्त्यात उतरवले आणि कागद पाकिटात घालून यजमानांच्या हाती दिला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

त्यानंतर पाकीट आलं नाही. तक्त्यातल्या पुढच्या दोन ओळी मी पेन्सिलीने 'लग्नाची गडबड' असं लिहून भरल्या.

लग्नात ती जांभळ्या पैठणीत उभी होती. ब्लाउज अंगाला चपखल बसला होता. गालावर लाली, डोळे मोठे आणि चकचकीत. वऱ्हाडातल्या बायका वळून पाहत होत्या. मी तिचा हात धरला, तो गरम आणि ओलसर होता. वैशाखात कुणाचा हात गरम नसतो? तिच्या बांगड्या पुन्हा सैल झाल्या होत्या, हेही मी पाहिलं. पाहून मी काय म्हणाले ते लिहिते, कारण सगळं लिहायचं ठरवलं आहे. मी म्हणाले, "कणगी रिकामी झाली की!"

ती हसली. "आता तरी ते नाव पुस, ताई."

श्रावणात एका सकाळी ती ओट्यापाशी बसून बिरडं सोलत होती. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची. यजमान पहिल्या शिफ्टला गेले होते, मुलगा आणि सून सुनेच्या माहेरी गेले होते. शेजारीण वाटी मागायला आली तेव्हा वाल जमिनीभर सांडले होते आणि ही भिंतीला टेकून उजव्या हाताकडे बघत बसली होती, तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी.

मी दवाखान्यात पोचले तोवर डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. थायरॉइड पहिल्यापेक्षाही चढला होता. त्याने हृदयाचे ठोके बिघडवले, बेताल चाललेल्या हृदयात रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या केव्हापासून बंद आहेत?" यजमान म्हणाले, "बंद? रोज घेते म्हणाली मला." दुसऱ्या दिवशी घरी त्यांना पिठाच्या डब्यामागे गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या.

ती शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्यावर रागावले. आमची आई गेल्यावर तिला रागावण्याचा हक्क माझाच होता असं मी समजत असे.

"कुणी सांगितलं तुला गोळ्या बंद करायला? एवढं सगळं करून ठेवलं होतं मी. आकडे जागेवर आणले होते. कुणाला विचारलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तोंड वाकडं झालं होतं. आतून शब्द येत असावेत, पण बाहेर एकच निघाला, "नाय." तेवढाच एक तिच्याजवळ उरला होता. पाणी हवं का, नाय. दिवा लावू का, नाय. हवं असलं तरी नाय.

आणि मग तिने डावा हात उचलला. तळवा वर होता तो पालथा केला. पुन्हा वर, पुन्हा पालथा.

"कूस बदलायचीय तिला," मी नर्सला म्हणाले. आम्ही दोघींनी तिला वळवलं. ती भिंतीकडे तोंड करून "नाय, नाय" म्हणत राहिली.

त्यानंतर अकरा महिने ती अंथरुणात होती. दर रविवारी मी पेणहून गाडीने रोह्याला जायचे. रोह्याच्या आधीचं निडी स्टेशन आलं की पिशवी आवरायची, डब्याचं झाकण घट्ट आहे ना पाहायचं. डब्यात मऊ भात आणि फोडणीचं वरण असायचं. मी तिला भरवायचे, वेणी घालायचे. गोळ्या आता सून वेळेवर द्यायची, आकडे पुन्हा मर्यादेत आले होते. पण कागदावर शेरा मारायचा मला धीर झाला नाही. ती मात्र मला पाहिलं की कधीतरी तो हात उचलायची, सुलटा, पालथा, सुलटा. आम्ही दर वेळी तिला कुशीवर वळवायचो. एकदा सून म्हणाली, "मावशी, मी असते तेव्हा आई असं करत नाहीत. तुम्ही आलात की करतात." मी म्हटलं, "मी आले की तिला आराम हवासा वाटतो."

पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

तेराव्यानंतर यजमानांनी एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्यापुढे ठेवली. कापडाच्या दुकानाची होती. आत तिचे सगळे रिपोर्ट, उलटसुलट, काही दुमडलेले. "तुमच्याकडे असू द्या, ताई. तुम्ही नीट ठेवता." मी पेणला आणले. तक्त्याच्या फाइलमध्ये लावायचे म्हणून तारखेप्रमाणे रचले आणि एकेकाला भोकं पाडू लागले. भोकं कडेला सरळ पडावीत म्हणून मी कागद पालथा करून मधोमध घडीची खूण करते, ही माझी पद्धत. तो 'पास'चा कागद पालथा केला आणि मागे पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. तिचं अक्षर. ओळी खाली खाली उतरत गेलेल्या, मॅट्रिकच्या वहीत उतरायच्या तशाच.

'ताई, या वेळी सगळं बरोबर आलं असेल तर गोळी बंद करू ना? डॉक्टर नायच म्हणतात, ह्यांना विचारलं तर ओरडतील. लग्नात मला कणगी दिसायचं नाय. तू पास लिहिलंस तर बंद करते. नाय लिहिलंस तर नाय.'

मी एकतीस वर्षं वर्गात सांगत आले, पान उलटा, मागे प्रश्न असतो. दर वर्षी चार-दोन मुली मागचा प्रश्न न पाहता पेपर देऊन जात आणि बाहेर आल्यावर रडत. त्या मुलींना मी फार बोलत असे.

मला कळत नाही की तो हात म्हणजे पान उलटण्याची खूण होती का. कदाचित तिला खरंच कूस बदलायची असेल. दुखणाऱ्या माणसाच्या हाताचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावतो, आणि अपराधीपणाच्या सोयीनेही लावतो. पण मी आले की ती हीच खूण करायची, आणि वळवल्यावर नाय म्हणायची. ज्या दिवशी मी तिला 'कुणाला विचारलंस' म्हणून रागावले, त्या दिवशी पहिल्यांदा केली होती.

तो कागद मी एकाच माणसाला दाखवला, तिच्या यजमानांना. रोह्याला त्यांच्या पडवीत बसून. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या, पुन्हा पुढची वाचली. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे." ते म्हणाले, "पाकीट तर मीच आणत होतो ना ताई. मी पण कधी उघडून बघितलं नाय. इंग्रजी म्हणून." त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "पोराला नका सांगू. लग्नापायी झालं असं वाटेल त्याला." म्हणून मी इतकी वर्षं गप्प राहिले. आता ते नाहीत. तिच्या मुलाला, म्हणजे तुमच्या मामालाही, यापुढे मीच सांगेन, ते काम तुमचं नाही.

आता तुझं. मी परवा डॉक्टरांकडे जाऊन आले. ते जुने डॉक्टर आता दवाखाना चालवत नाहीत, त्यांचा मुलगा बसतो, माझाच विद्यार्थी. त्याने सांगितलं ते तुला सांगते. तुझ्या मावशीआजीची गोळी आणि तुला दिलेली गोळी यांचा एकमेकींशी संबंध नाही. तिची दंगा शमवणारी होती, तुझी पेंगणाऱ्या वर्गाला जागं करणारी आहे. तुझ्या शरीरात जे कमी बनतं तेच त्या गोळीत असतं. नीट प्रमाणात घेतली तर तिने माणूस फुगत नाही. उलट थायरॉइड सुस्त राहिला की अंग जड होतं, सूज येते, थकवा येतो, आणि लोक त्याचं खापर गोळीवर फोडतात. गोळी घेऊन तू काडीसारखी होशील असंही नाही. सकाळी उपाशी पोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा मागाहून. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त. आकडा मर्यादेत आला तर तो गोळीमुळे आला, गोळी नको झाली म्हणून नाही. हे शेवटचं वाक्य मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. तो म्हणाला, "बाई, मला अजून तोंडी परीक्षा आहे काय?"

पण हे त्याने तुला न तपासता सांगितलं आहे, आणि मी तर डॉक्टर नाहीच. तुझ्या तिथल्या डॉक्टरीणबाईंना तुझी भीती सांग. 'मला जाड व्हायचं नाही' हे वाक्य त्यांच्यासमोर मोठ्याने म्हण. त्यात लाज नाही. हसल्या तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. तुझ्या मावशीआजीने ते वाक्य एका कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं, कारण पुढच्या बाजूला आम्ही सगळे आकडे वाचत बसलो होतो. तुला लहानपणी मी 'गोबरी' म्हणायचे, आठवतं? ते तुला टोचलं असेल तर मला सांग. नसेल तरी मी आता ते म्हणणार नाही.

पास की नापास, ते मी लिहिणार नाही. ते लाल पेन मी त्या दिवसानंतर फक्त शाळेत वापरलं, निवृत्त झाले तेव्हा तिथल्याच टेबलाच्या खणात ठेवून आले.

तुझा रिपोर्ट मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणला. फोनवर मला नीट वाचता येत नाही. घरी आणून पुढची बाजू वाचली, मग पालथा केला. तुझा कागद दुकानातून कोरा आलेला, मागे काही असणार नाही हे मला माहीत होतं. तरी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून पाहिला.